झोक्याच्या कडीवरचा राउटर

चिंचपाडा, ६ एप्रिल २०२५

काजल,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. मुद्दामच लिहिलेलं नाही.

पत्र कशाला, असं भाग्येश विचारेल. त्याला सांग, तुझ्या बायकोशी फोनवर भांडता येत नाही. मी एवढी तावातावाने बोलते आणि ती 'हाव ताई, हाव ताई' करते. फोन ठेवला की मी कशावरून चिडले होते तेच मला आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुझ्याआधी माझा भाऊ वाचतो आणि आईला वाचून दाखवतो. कागदावर निदान मध्ये कोणी तोडत नाही. माझ्या सासूबाई समोर शेंगा सोलत बसल्या आहेत. त्यांनी विचारलंच, "वहू, कागदवर कोनासंगे भांडी ऱ्हायनी वं?" म्हटलं, भावजयीशी. तर म्हणाल्या, "मंग बठ. आखो कागद दिऊ का?"

तर मुद्द्याचं. काल मी तुझं पान पाहिलं. इंटरनेटवरचं, तुझ्या नावाचं. कोणी दाखवलं नाही, मी स्वतः शोधून काढलं. 'काजल पाटील, फ्रंटएंड डेव्हलपर.' खाली तीन मथळे: पार्श्वभूमी, कौशल्ये, सध्या शिकत आहे. रंगसंगती चांगली आहे. मोबाइलवरही नीट दिसतं. मी फोन आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, एखादं बटण तरी बाहेर जाईल, एखादी ओळ तरी तुटेल म्हणून. काही तुटलं नाही. मला फार राग आला.

कौशल्यांत तू एवढी नावं लिहिली आहेस की त्यातली अर्धी मी नोकरीत होते तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ते असो. पण पार्श्वभूमीत तू काय लिहिलंस? 'बी.ए. लग्नानंतर घरच्या घरी शिकले.'

घरच्या घरी! त्या घराला भिंती होत्या, छप्पर होतं, आणि माणसं कोणी नव्हती का गं?

लॉकडाउनमध्ये मी माहेरी लोणखेड्याला अडकले होते आणि तू नवीनच लग्न होऊन आली होतीस. दुपारी तू भांडी घासून पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभी राहायचीस. "ताई, हे काय करताय?" मी तुला सांगितलं, की दुकानात गिऱ्हाइकाला जे दिसतं, काउंटर, पाटी, बरण्या, ते मांडायचं काम म्हणजे फ्रंटएंड. मागच्या गोदामाशी आपला संबंध नाही. तू म्हणालीस, "म्हंजे दुकान सजाडनं." मी हसले. मग तुला पडद्यावर पहिला डबा, म्हणजे चौकोन, काढायला शिकवलं, लाल रंगाचा, त्यात आईच्या नावाने 'शोभाबाईचा मसाला' असं लिहिलं. आईने तो स्क्रीनवर पाहिला तेव्हा तिला वाटलं आता नंदुरबारचे सगळे मिरचीवाले आपल्या दारात येतील. डबा मधोमध आणायला तुला दोन दिवस लागले होते. आणि आता तुझ्या डब्यांकडे बघून मी रात्रंदिवस जळते. असू दे, लिहिलंच आहे तर खोडत नाही.

कंप्युटरची पदवी माझी. पुण्यातली नोकरी आधी माझी. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, यांचा जम इथे दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर बसलेला, म्हणून मी राजीनामा दिला आणि चिंचपाड्याला आले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं होतं वर्षभराने परत जाईन. मी इकडे वाट बघत बसले आणि माझी जागा माझ्याच माहेरात, माझ्याच खोलीत बसून तू घेतलीस.

आणि आईचं काय सांगू. मी फोन केला की ती कुजबुजते, "धीरे बोल माय, काजलना काम चालू शे." मी पुण्याच्या नोकरीत असताना हीच आई मला विचारायची, "दिनभर बठीसन काय करतस तुम्ही?" तुझ्यासाठी फिरती खुर्ची आली. तुझ्यासाठी इन्व्हर्टर आला. व्हिडिओत मागे चमकतो म्हणून माझ्या पदवीचा फोटो भिंतीवरून उतरवला. मला भाग्येशने सांगितलं, हसत हसत.

पण खरं दुखणं वेगळंच आहे, ते शेवटी लिहिते. भाग्येशने खोलीचा जो फोटो पाठवला होता, त्यात तुमचा तो इंटरनेटचा राउटर झोक्याच्या कडीला टांगलेला दिसला. काजल, त्या कड्या कशाच्या आहेत हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. घराचा स्लॅब पडला त्या दिवशी आमचे वडील, नाना, मिस्त्रीजवळ उभे राहिले आणि 'मन्ही दीपाना झोकाकरता' म्हणून दोन लोखंडी कड्या सोडायला लावल्या. आखाजीच्या सणाला सगळ्या पोरी निंबाला झोका बांधायच्या, मी एकटी घरात, पंख्याखाली झोके घ्यायचे. नाना गेले, कड्या राहिल्या. त्यातल्या एकीला तू तुझं मशीन बांधलंस.

या आखाजीला मी येते आहे. तोवर राउटर खाली उतरव आणि माझा झोका बांध. माझा फोटो जागेवर लाव. आणि तुझ्या त्या पानावर 'घरच्या घरी' म्हणजे कोणाच्या घरी आणि कोणी, ते लिही.

तुझी नणंद,
दीपमाला


चिंचपाडा, २० एप्रिल २०२५

काजल,

तुझं पान परत पाहिलं. रोज बघते असं काही नाही, आज सहज उघडलं.

'माझ्या नणंदबाई दीपमाला पाटील यांनी मला पहिलं पान बनवायला शिकवलं. त्यांच्यामुळे मी या क्षेत्रात आले.'

मी मागितलं होतं, तू दिलंस. एवढ्या लवकर कशाला दिलंस? थोडं अडवायचं होतंस. मला अजून दोन पत्रांचं भांडण लिहायचं होतं. आणि आता ते वाक्य मलाच वाचवत नाही. जो वाचेल तो विचारेल ना, शिकवणाऱ्या बाई आता कुठे आहेत? चिंचपाड्याला आहेत म्हणावं, वाल सोलतात. काढून टाक ते. नको, काढू नकोस. काढलंस तर मी परत भांडेन.

दुसरं. भाग्येशच्या हातून तू मला तुमच्या कंपनीतल्या जागेची जाहिरात पाठवलीस. 'ताई, तुम्ही अर्ज करा, घरूनच काम आहे.' ते वाचून मी फोन पलंगावर आपटला. गादीवर आपटला, फुटला नाही. मला तुझी दया नको आहे. मी तुझ्याआधी या कामात होते, मला कोणी वशिला लावायची गरज नाही.

अर्ज मी केलाय. पण तुझ्या सांगण्यावरून नाही. ती जाहिरात मला आधीच कुठेतरी दिसली असती.

आता तुला एक सांगते आणि ते तुझ्यापाशीच ठेव. यांना सांगितलेलं नाही. हे दवाखान्यात गेले आणि सासूबाई जेवून लवंडल्या की मी लॅपटॉप उघडते. जुना आहे, आधी बराच वेळ घरघरतो. मग मी शिकते. मी काम सोडल्यापासून सगळं बदललं गं. आम्ही डबे शेजारीशेजारी बसवायचो ते एकमेकांना डावीकडे ढकलून. एकाने जागा बदलली की सगळे गडगडायचे, मग त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या पाचरी ठोकायच्या. त्या पाचरी ठोकण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं आमच्या टीममध्ये. आता म्हणे ग्रिड. आधी चौकटी आखायच्या आणि मग ज्याने त्याने आपापल्या चौकटीत जाऊन बसायचं. व्हिडिओतला पोरगा म्हणतो, किती सोपं आहे! त्याला काय जातंय म्हणायला. मी जे मोठ्या कष्टाने शिकले ते आता कोणाला लागतच नाही, हे पचवायला सोपं नाही. मी दोनदा प्रयत्न केला, माझे सगळे डबे एका कोपऱ्यात जाऊन गोळा झाले. मी लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला घेतली.

तुला विचारता आलं असतं. तू एका मिनिटात सांगितलं असतंस, हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही विचारलं.

मला ही नोकरी हवी आहे, काजल. लपवून काय करू? पगाराचं म्हणत नाही मी. कोणी विचारलं की 'तुम्ही काय करता' तर मला 'आधी करायचे' असं सांगावं लागतं, त्याचा मला वीट आलाय. दवाखान्यातल्या बायका मला औषधवाल्या भाऊंची बाई म्हणतात. तुला आपल्या गल्लीत कंप्युटरवाली म्हणतात. मला परत ते नाव हवं आहे, आणि तुला ते मिळालंय हे मला बघवत नाही.

तुमच्या मॅडमचा मेल आला आहे. मुलाखत तीस तारखेला, सकाळी अकराला. मी लगेच 'चालेल' कळवलं आणि नंतर कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी! त्या पुण्याच्या मॅडमना आखाजी काय माहीत. आता बदलून मागितलं तर म्हणतील, बाईला काम नकोच आहे. इथे चिंचपाड्याला नेट कधी येतं कधी जातं, भरवसा नाही. म्हणून मी एकोणतीसला लोणखेड्याला येते आणि मुलाखत तुझ्या खोलीत बसून देते. माझ्या खोलीत, म्हणजे. नेट चांगलं ठेव.

तू तुझ्या माहेरी तळोद्याला जाशीलच आखाजीला. जा. मला एकटीला बरं पडेल.

दीपमाला


चिंचपाडा, ४ मे २०२५

काजल,

आखाजीहून मी न बोलता निघून आले, ते का, हे तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तरी लिहिते.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं राउटर उतरव आणि झोका बांध. दुसऱ्या पत्रात म्हटलं, नेट चांगलं ठेव. मी घरात पाय ठेवला तर दोन्ही कड्यांना नवा कोरा दोर, खाली पाट, पाटावर तुझ्या लग्नातली सतरंजी. झोका टांगलेला. भिंतीवर माझा फोटो. तुझं टेबल, तुझी खुर्ची, सगळं मागच्या धान्याच्या खोलीत. आणि राउटर पण मागेच. "ताई, तुम्हीच लिव्हेल व्हतं ना," म्हणालीस. तुला वेड्यासारखं सगळं जसंच्या तसं करायला कोणी सांगितलं होतं? दुसरं पत्र आल्यावर तू वायरवाल्याला शोधलंस म्हणे, पण तो आखाजीला गावी निघून गेला होता.

त्या धान्याच्या खोलीला लागून आईने चुलीवर पोळ्या भाजायचं खापर मांडलेलं, पुरणपोळ्यांचा धूर, शेजारच्या सोनीबाई आणि मीनाबाई गौराईची गाणी म्हणत बसलेल्या. तिथे कोण मुलाखत देणार? माझ्या खोलीत शांत होतं तर नेट पोहोचत नव्हतं. स्लॅबची भिंत मध्ये. वायर ओढून ओढून दारापर्यंत आली आणि संपली. राउटर खाली स्टुलावर ठेवला की नेटची एक काडी, हातात उंच धरला की चार काड्या.

आणि तू स्टुलावर चढलीस.

तळोद्याला गेली नाहीस, ते मला तिथे कळलं. तू दारात, स्टुलावर उभी, दोन्ही हातांनी राउटर डोक्यावर धरलेला. टेबल मागे नेलेलं, खोलीत बसायला दुसरं काही नाही म्हणून मी झोक्यावर, लॅपटॉप मांडीवर. एक पाय जमिनीला घट्ट रोवून बसले, तरी मॅडमनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, "तुमचा कॅमेरा हलतोय का?" मी म्हटलं, आमच्याकडे थोडा वारा आहे. आई खापरावरून उठून आली, बघून गेली, आणि बाहेर जाऊन सांगू लागली ते मला ऐकू येत होतं. "मन्ही लेक झोकावर बशीसन नोकरी मांगी ऱ्हायनी वं बाई, आते काय सांगू लोकेस्ले!" सगळ्या हसल्या. मला घाम फुटला होता.

मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे काजलला शिकवणाऱ्या तुम्हीच! तिच्या पानावर वाचलं. मग तुम्हाला सोपे प्रश्न विचारत नाही हं." आणि हसल्या. काजल, माझं नाव पानावर टाक म्हणून मीच सांगितलं होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं, हा तुझा डाव आहे.

पहिले प्रश्न मला आले. बरेच आले. मग त्यांनी समोर काम दिलं. सहा डबे, मोठ्या पडद्यावर तीन-तीन, मोबाइलवर एकाखाली एक. मी माझ्या जुन्या पद्धतीने मांडले. बसले. मला वाटलं, जिंकले. मॅडमनी एका डब्यात दोन ओळी जास्त लिहिल्या आणि खालची रांग फुटली. एक डबा तिकडे, दोन इकडे. "हे ग्रिडने कराल का?" त्या म्हणाल्या.

मला येत नव्हतं. येत होतं अर्धं. एक शब्द आठवत नव्हता, फक्त एक. मी वर पाहिलं. तू बाजूलाच होतीस, दारात स्टुलावर, वरून तिरका माझा पडदा तुला दिसत होता. तुला तो शब्द माहीत होता. तू रोज लिहितेस तो. नुसते ओठ हलवले असतेस तरी मला कळलं असतं. कॅमेऱ्यात तू नव्हतीस, कोणाला दिसणार होतं?

तू तोंड फिरवलंस. भिंतीकडे. राउटर तसाच वर धरून, मान वळवून भिंतीकडे बघत राहिलीस. आणि मला पुण्याच्या बाईसमोर 'नाही आठवत' म्हणावं लागलं.

मुलाखत संपली. तुझे हात वरच अवघडले होते, राउटर उतरवायला तू भाग्येशला हाक मारलीस. मी बघून न बघितल्यासारखं केलं. बाहेर येऊन आईने पहिली पोळी ताटात वाढली ती तुला. "माय, कवयशी उभी व्हती," म्हणाली. मी कधीची बसले होते ते कोणाला दिसलं नाही.

झोका मी घेतला नाही. सोनीबाईंनी ओढत नेलं, गाणं धरलं, पण माझा पाय जमिनीवरून उचलला जाईना. संध्याकाळच्या बसने नंदुरबारला आले आणि तिथून गाडीने घरी.

मला एवढंच सांग. तुला माझी नोकरी नको होती ना? आपल्या घरात एकच कंप्युटरवाली हवी, आणि ती तू. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, हे सांगते म्हणजे तुला लिहायला सोपं जाईल. मी तर राउटरसुद्धा धरला नसता.

उत्तर दिलंस तर कागदावर दे. 'हाव ताई' चालणार नाही.

दीपमाला


चिंचपाडा, १८ मे २०२५

काजल,

तुझं पत्र आलं. लग्न होऊन पाच वर्षं झाली, पहिल्यांदा तू मला कागदावर काही लिहिलंस, आणि तेही दोन ओळी. बाकीचं पान कोरं. मी मागे उलटून पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून.

"ताई, मी सांगी देती ते ती नोकरी तुमन्ही नही ऱ्हाती. तुम्ही जिंदगीभर मन्ह्याकडे तश्याच देखत्यात, आते देखतस तश्या."

वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. दिवसभर घरात चिडचिड केली. सासूबाईंनी विचारलं तर त्यांच्यावर चिडले. काय लिहितेस तू, मी तुझ्याकडे कशी बघते? मग आरशासमोर केस विंचरताना कळलं, कशी बघते. तू बरोबर लिहिलंस. तू ओठ हलवले असतेस आणि मला नोकरी लागली असती, तर मी तुला कधीच माफ केलं नसतं. 'काजलमुळे लागली' हे मनात रोज उगाळलं असतं. मला राग याचाच येतो, की ते तुला माझ्याआधी कळलं. कामात तू पुढे गेलीस ते समजू शकते. मला ओळखण्यात तरी मागे राहायचं होतंस.

आता कंपनीचं ऐक. तुला कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक. मेल आला. त्या जागेसाठी मला घेतलं नाही. पाया पक्का आहे, हात जुन्या वळणाचा आहे, असं काहीसं गोड शब्दांत लिहिलंय. मी तिथेच मेल बंद करणार होते, तर खाली आणखी एक परिच्छेद. शिकाऊ म्हणून घेऊ शकतो. सहा महिने. आणि माझं काम रोज तपासणारी, चुका काढणारी, मार्गदर्शक म्हणून नाव: काजल पाटील.

मी हसले. खरंच हसले, एकटीच, आणि मग रडले. आपल्या घरात तू मला ताई म्हणतेस आणि त्यांच्या कागदावर मी तुझी शिकाऊ. आईला कळलं तर ती आख्ख्या गल्लीत सांगेल. चार दिवस मी उत्तर दिलं नाही. यांना दाखवलं. हे म्हणाले, "तुला जे बरं वाटेल ते कर." ह्यांचं नेहमीचं. माणसाने अशा वेळी थोडं तरी भांडावं.

मग परवा दुपारी एक झालं. मी ते सहा डबे पुन्हा काढले. मुलाखतीतलेच. मला ते झोपू देत नव्हते. तो शब्द शोधला, चौकटी आखल्या, आणि एकेक डबा सोडला. बसले, काजल. तीन वर, तीन खाली. मी एका डब्यात मुद्दाम आईच्या मसाल्याची सगळी कृती लिहिली, मिरच्या पथारीवर वाळवण्यापासून. रांग फुटली नाही. शेजारचे डबे आपापले उंच झाले आणि उभे राहिले. पडदा लहान केला, तर सगळे एकाखाली एक येऊन बसले. मी जोरात ओरडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय व्हयनं? दूध उतू गयं का?"

मला कोणाला तरी दाखवायचं होतं. हे आले, त्यांना दाखवलं. "छान आहे," म्हणाले, "पण डबेच आहेत ना?" सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि मसाल्यात धणे कमी लिहिलेत म्हणाल्या. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि विचार केला, हे कळेल असं कोण आहे? सुरतेपासून भुसावळपर्यंत या आख्ख्या रेल्वे लाइनीवर मला एकच माणूस आठवलं, आणि ते तू होतीस. मला याचा किती संताप आला, तुला सांगून कळणार नाही. जिच्यावर मी जळते तिलाच सांगितल्याशिवाय माझा आनंद पुरा होत नाही.

म्हणून मी त्यांना 'हो' कळवलंय. सोमवारपासून येते, म्हणजे इथूनच. यांनी दवाखान्यातल्या पोराकडून वेगळ्या कंपनीचं नेट लावून घेतलंय, बघू किती टिकतं.

आता काही गोष्टी नीट ऐक. माझी चूक दिसली तर काढायची. ताई आहे म्हणून गिळायची नाही. सगळ्यांसमोर काढायची वेळ आली तर सगळ्यांसमोर काढायची. मी फुगेन, दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवीन. मी हेवा सोडलाय असं समजू नकोस. तुझी खुर्ची फिरते आणि माझी प्लास्टिकची आहे, हे मी विसरणार नाही. सहा महिन्यांनी मी तुझ्यापुढे जायचा प्रयत्न करणार आहे आणि तेव्हा तुलाही थोडं जळवणार आहे. तुला जळता येत नसेल तर तेही शिकवीन.

राउटर परत कडीला लाव. आणि टेबल पुढच्या खोलीत आण, धान्याच्या धुळीने मशीन खराब होतं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दोर नीट गुंडाळून ठेव. पुढच्या आखाजीला आपण निंबाला झोका बांधू. मी पहिल्यांदा निंबाच्या झोक्यावर बसेन, आणि तू तळोद्याहून एक दिवस आधी ये, मागून ढकलायला कोणीतरी लागेल.

काल मी माझं पण एक पान बनवलं, तुझ्यासारखंच, तीन मथळ्यांचं. पार्श्वभूमी भरली, कौशल्यं भरली, थोडी फुगवून भरली. मग तिसऱ्या मथळ्यापाशी अडले. इतरांच्या पानांवर पाहिलं, लोक तिथे पुस्तकांची आणि कोर्सांची नावं टाकतात. मी तिथे लिहिलंय:

'सध्या शिकत आहे: ग्रिड. काजल पाटील यांच्याकडून.'

त्यातलं 'यांच्याकडून' लिहायला मला तीन कप चहा लागले. उघडून बघ, आणि मोबाइल आडवा धरूनही बघ. एखादी ओळ तुटलेली दिसली तर सोमवारी सांग.

दीपाताई